कोणाला कुठे उभं करायचं

1935 साली वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी गावात रोज सकाळी एक लहानशी टोळी बादल्या आणि फावडी घेऊन शिरायची. ही माणसं वर्ध्यातल्या मगनवाडी या ग्रामोद्योग केंद्रातून येत. त्यांत महादेवभाई देसाई असत, मीराबेन असत, ग्रामोद्योगाचं शिक्षण घ्यायला आलेले तरुण असत. रस्त्याकडेची विष्ठा उचलायची, खड्ड्यात पुरायची, वर माती लोटायची, असं हे काम महिनोनमहिने चाललं. गाव पाहत राहिलं. टोळी परतली की दुसऱ्या दिवशी रस्ता पुन्हा तसाच. मीराबेन तर तिथे झोपडी करून राहिल्या आणि शेवटी दुसरं गाव शोधायला निघाल्या. त्या शोधात त्यांना सापडलं शेगाव, म्हणजे आजचं सेवाग्राम.

सिंदीतल्या त्या सकाळी हा वर्धा जिल्ह्याच्या सेवाकार्याच्या इतिहासातला मला सगळ्यात शिकवणारा प्रसंग वाटतो. तिथे निष्ठेत काही कमी नव्हतं आणि देशातली नामवंत माणसं हातात फावडं घेऊन उभी होती. तरी गाव हललं नाही, कारण गावातल्या कोणाला कुठे उभं करायचं हे ठरलेलं नव्हतं. बाहेरून आलेले सगळे काम करणारे आणि गावातले सगळे बघणारे, अशी ती विभागणी होती.

पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत या जिल्ह्यात सेवेच्या ज्या रीती घडल्या, त्यांतल्या टिकाऊ रीतींनी ही विभागणी मोडून काढली. आणि प्रत्येक वेळी ते काम एका विशिष्ट माणसाने केलं. आज संस्थांमध्ये त्याला समन्वयक म्हणतात. स्वयंसेवक गोळा करणारा, त्यांना कामावर लावणारा, त्यांची भांडणं सोडवणारा, हिशेब ठेवणारा आणि ज्या गावासाठी हे चाललं आहे त्या गावाला रात्री आठ वाजता एकत्र बसवणारा माणूस. सेवा करणाऱ्यांची चरित्रं निघतात, सेवेकऱ्यांची सांगड घालणाऱ्यांची क्वचितच.

गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी शेगावला राहायला आले. सहाएकशे वस्तीचं, बहुतांश दलितांचं गाव. त्यांना तिथे एकट्याने, फार तर कस्तुरबांना घेऊन राहायचं होतं. पण माणसं येत गेली, कुट्या वाढत गेल्या आणि आश्रम उभा राहिला. येणाऱ्यांत कोणी तापट, कोणी आजारी, कोणी उपासाच्या नादी लागलेला, कोणी घर सोडून आलेला. या सगळ्यांना रोज सकाळी कामाला लावायचं होतं. गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे त्या वर्षांचे खंड चाळले की थक्क व्हायला होतं. एका पानावर व्हाइसरॉयला पत्र आणि त्याच्या आसपास बलवंतसिंह, मुन्नालाल शाह, कृष्णचंद्र यांना लिहिलेल्या चिठ्ठ्या. स्वयंपाकघर कोणाकडे, गोठ्याचं काय, अमक्याशी तुमचं का पटत नाही, तुम्ही कोणतं काम घ्यावं. आणि या साऱ्याचा रोजचा भार वाहणारे होते चिमनलाल शाह, आश्रमाचे व्यवस्थापक. बापूकुटी पाहायला येणाऱ्या माणसांना त्यांचं नाव बहुधा माहीत नसतं. मला मात्र वाटतं, त्या आश्रमाच्या जगण्याचा निम्मा अर्थ चिमनलालभाईंच्या वहीत होता.

सेवेकऱ्याने खायचं काय, हा प्रश्न वर्ध्यात त्याहून आधी विचारला गेला होता. जमनालाल बजाजांनी असहकार चळवळीनंतर गांधी सेवा संघ काढला तो त्याच प्रश्नाला उत्तर म्हणून. पूर्णवेळ रचनात्मक काम करणाऱ्याला घर चालवण्यापुरतं मानधन मिळावं, त्याने चिंतेत राहू नये आणि कोणाच्या उपकारातही राहू नये, ही त्यामागची व्यापाऱ्याची स्वच्छ समज होती. पुढे किशोरलाल मश्रूवाला संघाचे अध्यक्ष होते. 1934 च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्यासाठी जमनालालजींनी आपली बाग दिली आणि तीच मगनवाडी झाली. वर्ध्याचे वकील श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष आणि जे. सी. कुमारप्पा चिटणीस. तेलघाण्यापासून मधमाशांपर्यंत सगळं शिकवून ग्रामसेवक तयार करायचे आणि गावोगाव पाठवायचे, असं तिथलं काम. सेवा ही नुसत्या उमाळ्याने होत नाही, ती शिकावी लागते आणि तिला पैसा लागतो, हे या गावाने तेव्हाच मान्य केलं होतं. आज प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात समन्वयकाचा प्रवासखर्च सगळ्यात आधी कापला जातो, तेव्हा मला जमनालालजींची हटकून आठवण येते.

कुष्ठसेवेचं काम याच मातीतलं. 1936 मध्ये विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केलं. तेव्हा औषध म्हणावं असं काही हाती नव्हतं. चौलमुग्राचं तेल टोचायचं, जखमा धुवायच्या आणि माणसाला माणसासारखं वागवायचं. गांधीजींनी आपल्या रचनात्मक कार्यक्रमाच्या पुस्तिकेत कुष्ठरुग्णांच्या सेवेचा मुद्दा घातला, तेव्हा भारतीय माणसाने निव्वळ प्रेमापोटी चालवलेली संस्था म्हणून त्यांनी दिवाणांच्या या कामाचा उल्लेख केला. सेवाग्रामात स्वतः गांधीजी परचुरे शास्त्रींना मालीश करत. संस्कृतचे हे पंडित कुष्ठरोगाने ग्रासलेले होते आणि शेवटी दत्तपूरलाच राहिले. दत्तपूरची खरी ओळख मात्र जखमा धुण्यापाशी थांबत नाही. तिथे रुग्ण शेती करत, विणकाम करत, एकमेकांची शुश्रूषा करत. ज्याची बोटं शाबूत त्याने ज्याची नाहीत त्याला मदत करायची. सेवा घेणारा आणि सेवा देणारा यांच्यातली भिंत तिथे कामाच्या वाटणीनेच पाडली गेली. याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटला 1914 साली जन्मलेल्या बाबा आमट्यांनी पुढे वरोऱ्याच्या आनंदवनात हीच गोष्ट केवढ्या मोठ्या प्रमाणावर करून दाखवली, ते महाराष्ट्राला सांगायला नको. त्यांच्याच सोमनाथ प्रकल्पावर दर मे महिन्यात भरणाऱ्या श्रमसंस्कार छावणीत तरुणांच्या कित्येक पिढ्या घाम गाळून आल्या.

पण वर्ध्याने देशाला दिलेली कुष्ठकार्यातली मोठी देणगी त्यामानाने कमी ठाऊक आहे. 1951 मध्ये गांधी स्मारक निधीतून गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन वर्ध्यात सुरू झालं. तिथल्या डॉ. आर. व्ही. वर्देकर यांच्यापुढे प्रश्न असा होता: डॅप्सोनच्या गोळ्या आता आल्या आहेत, त्या स्वस्त आहेत, पण रुग्ण लपून बसले आहेत. दवाखान्यात ते येणार नाहीत. मग त्यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी तिपेडी पद्धत बसवली. प्रशिक्षित कार्यकर्त्याने ठरलेल्या गावांतल्या प्रत्येक घरी जायचं, प्रत्येक माणसाची त्वचा उजेडात तपासायची, चट्टा दिसला तर बधिरपणा पाहायचा, गावाला रोगाबद्दल सांगायचं आणि गोळ्या घरपोच द्यायच्या. 1955 मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम याच पद्धतीवर उभा राहिला. या कामात डॉक्टर थोडे आणि सायकलवरचे कार्यकर्ते पुष्कळ. सगळी मदार त्यांच्या दौऱ्याच्या आखणीवर होती. एखाद्या गावात घर सुटलं तर रोग तिथेच राहणार. म्हणून वरचा पर्यवेक्षक अचानक जाऊन काही घरं पुन्हा तपासायचा. सेवाभावाला तपासणीची जोड द्यायला वर्ध्यातली माणसं लाजली नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता सेवाग्रामच्या दवाखान्याकडे. डॉ. सुशीला नय्यर यांच्या छोट्या दवाखान्यातून कस्तुरबा रुग्णालय वाढलं आणि 1969 मध्ये, गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आधी आश्रमात राहतात, खादी घालतात, प्रार्थनेला बसतात, झाडतात. मग सगळी तुकडी पंधरा दिवसांच्या शिबिरासाठी एका खेड्यात मुक्काम करते. प्रत्येकाला काही कुटुंबं वाटून दिलेली असतात. त्या कुटुंबांना त्याने पुढे वर्षानुवर्षं भेटत राहायचं. शहरातून आलेल्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा कळतं की या घरातली सून रक्तक्षयाने पिवळी पडली आहे आणि तिची तपासणी व्हायची असेल तर आधी सासूशी बोलावं लागतं. त्याच वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, देशात राष्ट्रीय सेवा योजना 37 विद्यापीठांत आणि 40 हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर ही तिची आजची चौकट आहे. महाविद्यालयातला एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी म्हणजे बहुतेक मुलांना आयुष्यात भेटणारा पहिला समन्वयक. आपला विषय शिकवून उरलेल्या वेळात तो शंभर मुलांना घेऊन दत्तक गावात जातो, त्यांच्या जेवणाची सोय करतो, मुलींच्या मुक्कामाची काळजी घेतो आणि शाळेच्या ओट्यावर सरपंचांसोबत समारोप करतो. अशा शिक्षकांना फार कमी मान मिळतो.

सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजूंनी मात्र हा सगळा व्यवहार उलटा करून पाहिला. 1980 च्या आसपास आकाराला आलेली ती ज्वारी आरोग्य विमा योजना. रोख पैसा शेतमजुराच्या हाती नसतो, पण सुगीत ज्वारी असते. म्हणून हंगामात प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. जमीन जास्त त्याने जास्त, भूमिहीनाने थोडी. गावातली बहुसंख्य घरं, जवळपास तीन चतुर्थांश, सामील झाली तरच गाव योजनेत घ्यायचं. या ज्वारीतून गावच्या आरोग्य कार्यकर्त्याचा आणि औषधांचा खर्च निघे, आणि सभासद कुटुंबाला कस्तुरबा रुग्णालयात अचानकच्या आजारपणासाठी मोफत भरती मिळे.

यातली मेख पाहण्यासारखी आहे. ज्वारीची पायली मोजायला दारोदार जाणारा माणूस रुग्णालयाचा नव्हता, गावचाच होता. शेजाऱ्याने किती दिली हे सगळ्यांना माहीत असे. तीन चतुर्थांश घरांची अट घातल्याने ज्यांनी दिली होती तेच न दिलेल्यांच्या दारात जाऊन बसत. डॉक्टरांच्या संस्थेने गावाचं मन वळवण्याचं काम गावावरच सोपवलं होतं. आणि एकदा ज्वारी दिली की गावकरी दवाखान्यात हात जोडून येईनात, हक्काने येऊ लागले. नर्स नीट बोलली नाही तर ग्रामसभेत प्रश्न विचारू लागले. सिंदीच्या रस्त्यावर जे घडलं नव्हतं ते इथे घडलं. पुढे ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, घरात ज्वारीच उरली नाही आणि वर्गणी पैशांत आली. पण पद्धत शिकण्यासारखी होती ती होतीच.

पिकांचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो, या जिल्ह्यात समन्वयकाला कॅलेंडर शेतीचंच ठेवावं लागतं. मृगाच्या पेरणीत कोणी सभेला येत नाही. श्रावणात निंदण आणि डवरणी. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची सोंगणी आणि मळणी, त्यानंतर थेट फेब्रुवारीपर्यंत कापसाची वेचणी. वेचणीच्या दिवसांत बाई पहाटे भाकरी बांधून निघते ती अंधार पडताना येते. तिला दुपारी तीनच्या बैठकीला बोलावणाऱ्या संस्थेला गाव कळलेलंच नाही. अनुभवी माणूस बैठक रात्री जेवणं झाल्यावर ठेवतो, देवळात किंवा समाजमंदिरात, आणि स्वतः आठच्या ठोक्याला हजर असतो, जरी गाव नऊला जमणार असलं तरी. “येतो ना जी” असं दहा जणांनी सांगितलं की चौघांची घमेली काढून ठेवायची, हा हिशेब पहिल्या वर्षातच येतो. बचतगटाच्या ताई, गुरुदेव सेवा मंडळाची माणसं आणि क्रिकेट खेळणारी पोरं, या तिघांना आधी गाठायचं. गुरुदेव सेवा मंडळ हा तर विदर्भाचा स्वतःचा ठेवा. मंडळाचे संस्थापक तुकडोजी महाराज 1936 मध्ये महिनाभर सेवाग्रामला गांधीजींजवळ राहून गेले होते. त्यांनी लावलेली सामुदायिक प्रार्थनेची आणि ग्रामसफाईची सवय वर्ध्याच्या कितीतरी खेड्यांत अजून जिवंत आहे. जिथे मंडळ आहे तिथे समन्वयकाचं निम्मं काम आधीच झालेलं असतं.

या सगळ्याची कसोटी 2017 च्या उन्हाळ्यात लागली. पाणी फाउंडेशनची सत्यमेव जयते वॉटर कप ही जलसंधारणाची स्पर्धा 2016 मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव अशा तीन तालुक्यांत झाली होती. दुसऱ्या वर्षी 30 तालुके घेतले, त्यात वर्धा जिल्ह्यातला आर्वी होता. 8 एप्रिल ते 22 मे असे 45 दिवस. विदर्भात त्या दिवसांत पारा 45 च्या आसपास असतो. आर्वी तालुक्यातलं काकडदरा हे डोंगरउतारावरचं, कोलाम आदिवासींचं, पाचशेच्या आतल्या वस्तीचं गाव. राज्यातल्या 1,300 हून अधिक गावांतून पहिला क्रमांक आणि 50 लाखांचं बक्षीस काकडदऱ्याला मिळालं.

बातम्यांत कुदळी दिसल्या. मला त्यामागची रचना जास्त मोलाची वाटते. स्पर्धेत उतरायचं तर गावाने आधी आपले प्रतिनिधी निवासी प्रशिक्षणाला पाठवायचे, त्यांत बायका हव्यातच. तिथे त्यांनी पाणलोट म्हणजे काय हे शिकायचं, हायड्रोमार्करने समपातळी रेषा काढायला शिकायचं, समतल चर, दगडी बांध, शेततळं, कंपार्टमेंट बंडिंग कुठे बसतं ते पाहायचं. मग गावात परतून रोज पहाटे आणि संध्याकाळी श्रमदान. तालुका समन्वयकाचं काम शिकवलेलं विसरलं जाऊ नये हे पाहण्याचं, चुकलेली आखणी दुरुस्त करून देण्याचं आणि गावातली दोन गटांची जुनी भांडणं चरापर्यंत येऊ न देण्याचं. चर खणताना एक रेष चुकली तर पहिल्याच पावसात पाणी एका टोकाला जाऊन बांध फोडतं. म्हणून दोनशे माणसं कुदळी घेऊन उभी असतानाही समन्वयकाने “थांबा, आधी फक्की टाकू” असं म्हणायचं धाडस ठेवावं लागतं. उत्साहाला थांबवणं ही या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट.

2018 मध्ये स्पर्धा 75 तालुक्यांत गेली आणि 1 मेच्या महाश्रमदानासाठी शहरांतून हजारो स्वयंसेवक, म्हणजे जलमित्र, गावांकडे निघाले. शहरातून आलेल्या माणसाला तीन तास उन्हात राबून समाधान मिळतं, त्यात काही वाईट नाही. पण त्याच्यासाठी पाणी, सावली, टोप्या, ओआरएस, बायकांसाठी शौचालय आणि गावातल्या बाईने रांधलेलं जेवण, हे सगळं कोणीतरी आदल्या रात्री उभं केलेलं असतं. त्याने खणलेला चर उथळ राहिला तर तो गावकऱ्यांनी नंतर खोल केलेला असतो. बाहेरचा पाहुणा आणि गाव यांत निवड करायची वेळ आली तर चांगला समन्वयक गावाच्या बाजूने उभा राहतो. पाहुण्याला सोप्या जागेवर फावडं देतो, अवघड बांध गावच्या जाणकाराच्या हाती ठेवतो आणि संध्याकाळी मोजमाप गावाच्या नावावर लिहितो. वर्धा शहराच्या हनुमान टेकडीवर वैद्यकीय जनजागृती मंचाने श्रमदानातून झाडं वाढवली. तिथेही झाड लावणाऱ्यांपेक्षा उन्हाळ्यात पाण्याची पाळी लावणाऱ्यांनी टेकडी हिरवी ठेवली, असं मी मानतो.

आणि आता ज्या स्वयंसेविकांविषयी लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही, त्या आशाताई. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली ही फळी. साधारण हजार वस्तीला एक आशा. गरोदर बाईची नोंद, बाळाचं वजन, लसीकरणाच्या दिवशी घरोघर निरोप, क्षयरुग्णाच्या गोळ्या, कोविडच्या काळात रोजचं सर्वेक्षण. सरकारी कागदावर ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे, आणि म्हणून तिला वेतन नाही, मानधन आणि कामावर आधारित मोबदला आहे. वीसेक आशांवर एक गटप्रवर्तक असते. ही खेडोपाडी फिरणारी, अहवाल भरणारी, नव्या आशेला शिकवणारी, आरोग्य केंद्र आणि गाव यांच्यामध्ये बोलणी खाणारी बाई आजच्या महाराष्ट्रातल्या समन्वयकांच्या एका मोठ्या फौजेचा भाग आहे. तिचा मोबदला बराच काळ दौऱ्याच्या दिवसांवर मोजला गेला. 2023 च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा 2024 च्या सुरुवातीला आशा आणि गटप्रवर्तक राज्यभर संपावर गेल्या, तेव्हा गटप्रवर्तकांची एक ठळक मागणी होती की आम्हाला कंत्राटी कर्मचाऱ्यांचा तरी दर्जा द्या.

ती मागणी रास्त आहे असं मला मनापासून वाटतं. एखाद्याने आपल्या सवडीतले चार तास समाजाला दिले तर ते दान आहे. पण दररोजचं, जबाबदारीचं, तपासलं जाणारं, चुकल्यास जाब द्यावं लागणारं काम हे काम आहे, आणि त्याला पगार हवा. जमनालालजींना हे शंभर वर्षांपूर्वी पटलं होतं. वर्देकरांचे सायकलवरचे कार्यकर्ते पगारी होते आणि उल्हास जाजूंच्या योजनेतल्या आरोग्य कार्यकर्त्याचा खर्च गावाने ज्वारीतून उचलला. ज्या बाईच्या दौऱ्यावर हजारो बाळांचं लसीकरण अवलंबून आहे तिला सेवाभावाची आठवण करून देऊन बिनपगारी ठेवायचं, हे वर्ध्याच्या परंपरेत कुठेच बसत नाही.

राज्यात आता कुष्ठरोग शोध अभियान राबवलं जातं. आशाताई आणि एक पुरुष स्वयंसेवक अशी जोडी घरोघर जाते. बायकांची तपासणी ताई करते, पुरुषांची तो. ही वर्ध्यात बसवलेलीच पद्धत आहे. जोडीतली आशा गावात असतेच, अडचण पुरुष स्वयंसेवकाची येते. ऐन कामाच्या दिवसांत, थोड्याशा भत्त्यावर, लोकांच्या अंगावरचे चट्टे उजेडात पाहायला तयार असलेला, गावाने घरात घ्यावा असा भरवशाचा तरुण प्रत्येक गावात हुडकावा लागतो. तो शेतमजूर असेल तर त्याची मजुरी बुडते, विद्यार्थी असेल तर परीक्षा आड येते. गटप्रवर्तक ताई त्या दिवसांत संध्याकाळी फोन घेऊन बसते. एका गावाचा मुलगा ठरतो, दुसऱ्या गावाचा आदल्या दिवशी नकार देतो, मग ती शेजारच्या गावच्या मुलाला विचारते, त्याच्या घरी बोलते, पेट्रोलचं काय करायचं ते ठरवते आणि यादीत त्याचं नाव चढवून पुढचा नंबर लावते.